फोरेचं 'कांतिक द ज्याँ रासीन' कॉयरमध्ये कसं बसवायचं

फ्रेंच संगीतकार गाब्रिएल फोरेने हे भक्तिगीत १८६४-६५ मध्ये लिहिलं, पॅरिसच्या एकोल निडरमेयरमध्ये शिकत असताना, वय जेमतेम एकोणीस, आणि यावर पहिलं बक्षीसही मिळवलं. शब्द ज्याँ रासीन या सतराव्या शतकातल्या फ्रेंच कवी-नाटककाराचे, एका लॅटिन स्तोत्राचं त्याने केलेलं फ्रेंच रूप. चार आवाज आणि पियानो किंवा ऑर्गन, सगळं मिळून पाच-सहा मिनिटं.

स्कोर, म्हणजे स्वरलिपी, नेटवर फुकट मिळतो. पियानोवाल्याला आधी द्या, डी फ्लॅट मेजर आहे, म्हणजे पाच फ्लॅटची पट्टी, आणि ट्रिपलेट (एका मात्रेत तीन सूर) थांबतच नाहीत.

आता खरी डोकेदुखी, फ्रेंच. "आधी सूर पक्के करा, मग शब्द घाला" असं सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. ला-ला वर एकदा ओळ बसली की शब्द तिथे नीट मावत नाहीत, मग सगळे स्पेलिंग वाचत बसतात. माझाही सगळ्यात जास्त वेळ इथेच गेलाय, म्हणून सांगते, आधी सुराशिवाय, टाळीवर नुसते शब्द बोलून घ्या.

पहिली ओळ, 'Verbe égal au Très-Haut, notre unique espérance', बास म्हणजे सगळ्यात खालचे पुरुष आवाज सुरू करतात. तिथे 'व्हेर्ब' आणि 'एगाल' असे दोन तुकडे करायचे नाहीत, 'व्हेर-बे-गाल' एका दमात. मग 'त्रे-ओ'. यात 'ह' नाही आणि 'स' किंवा 'झ' पण नाही, कोणी 'त्रेझो' म्हटलं की मी तिथल्या तिथे थांबवते. पुढे 'नो-त्र्यू-नी-केस्पे-राँ-स', त्यातल्या 'यू'साठी ओठ 'ऊ'चे ठेवून आतून 'ई' म्हणायचं. 'राँ'मधला 'न' जिभेने लावायचा नाही, सगळं नाकात. घरी कोंकणी बोलणाऱ्यांना हे लगेच जमतं, बाकीच्यांकडून आधी 'हाँ हाँ' म्हणवून घ्या, लोक हसतात पण आवाज बरोबर येतो. आणि शेवटच्या 'स'ला वेगळा सूर आहे म्हणून त्यावर बसायचं नाही!! तो हलका सोडायचा, 'सा' ऐकू आला तर ओळ गेलीच.

बाकीच्या ओळी याच पद्धतीने.

श्वास सगळ्यांनी एकदम घ्यायचा नाही, शेजाऱ्याने घेतला की तुम्ही थांबा.

लय आंदान्ते, म्हणजे चालती. भक्तिगीत आहे म्हणून रेंगाळायची सवय असते लोकांना, त्याने श्वासही पुरत नाही आणि ट्रिपलेटही लंगडतात. सुरुवातीलाच जोर लावू नका, मधल्या भागात 'तू लाँफेर' म्हणजे सगळा नरक पळून जाऊ दे असं म्हणतात ना, आवाज तिथे मोकळा सोडा.