प्लेबुक हिरवं, सर्व्हर बंद: फायरवॉल ऑटोमेशनमध्ये या चुका टाळा

अनंत चतुर्दशीचा दिवस. मी नारायण पेठेत, घरीच. लक्ष्मी रस्ता आणि केळकर रस्ता सकाळपासून वाहनांना बंद. सुट्टी असल्यामुळे सर्व्हरवर ताण कमी, म्हणून हिंजवडीतल्या एका सर्व्हर रूममधल्या ११ मशीनवर फायरवॉलचे नवे रूल (कोणतं कनेक्शन आत येऊ द्यायचं, कोणतं अडवायचं) लावायला घेतले. अ‍ॅन्सिबल हे अनेक मशीनवर बदल करणारं साधन, आणि त्याला दिलेली कामांची यादी म्हणजे प्लेबुक. ते चालवलं, सगळी टास्क (कामं) नीट झाली, शेवटच्या ओळीत फेल्ड शून्य. लॅपटॉप मिटून गॅलरीत गेलो. वीस मिनिटांनी टीममधल्या मुलाचा फोन आला.

"दादा, एकाही मशीनला लॉगिन होत नाहीये."

"सर्व्हर पिंग होतायत का?"

"पिंग पण नाही."

मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, त्यामुळे माझी गाडी पेठेतून निघणं शक्यच नव्हतं. वाकडला राहणारा तो मुलगा गेला, एकेका मशीनला मॉनिटर-कीबोर्ड लावून बसला, आणि मी आतल्या खोलीत दार लावून फोनवर त्याला कमांडचं अक्षर न् अक्षर सांगत होतो. ११ मशीनना साडेतीन तास लागले.

कारण साधं निघालं. आठवड्यापूर्वी ऑफिसचा व्हीपीएन बदलला होता आणि त्याबरोबर आम्हाला मिळणारी पत्त्यांची रेंजही. कोणाला आत घ्यायचं हे प्लेबुक ज्या व्हेरिएबलच्या फाइलीतून वाचतं, तिच्यात जुनीच रेंज राहिली. अशी चूक कोणाच्याही हातून होते. मला जास्त लागलं ते हे, की दार बंद झाल्यावरसुद्धा प्लेबुक शेवटपर्यंत नीट चाललं आणि आपल्याला ओके म्हणालं. ते का झालं हे कळल्यावर माझी काम करण्याची पद्धतच बदलली, म्हणून आधी तेच सविस्तर सांगतो.

जुन्या कनेक्शनवर विसंबून "चाललं" म्हणणं

अ‍ॅन्सिबल प्रत्येक टास्कसाठी नवीन एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन करण्याचं) कनेक्शन उघडत नाही. एकदा उघडलेलं कनेक्शन कंट्रोलपर्सिस्ट या सेटिंगमुळे शेवटच्या वापरानंतरही ६० सेकंद जिवंत राहतं, आणि पुढची टास्क त्याच वाटेनं जातात. दुसरीकडे जवळपास प्रत्येक फायरवॉलमध्ये वरच एक रूल असतो: एस्टॅब्लिश्ड आणि रिलेटेड, म्हणजे आधीच जोडलेली आणि त्यांच्याशी संबंधित, कनेक्शन येऊ द्या. म्हणजे तुम्ही एसएसएचचा २२ नंबरचा पोर्ट स्वतःसाठी बंद केलात तरी आधीचं कनेक्शन त्या रूलवरून आरामात आत जातं. प्लेबुक जे बघतं ते खरंच असतं, पण ते जुन्या कनेक्शनपुरतं. नवा माणूस दारावर आला तर काय होईल हे त्यानं तपासलेलंच नसतं.

हाताने काम करणारा जुना अ‍ॅडमिन दुसऱ्या खिडकीत नवीन लॉगिन करून बघायचा, मगच पहिली खिडकी बंद करायचा. ऑटोमेशनमध्ये तीच सवय प्लेबुकमध्ये लिहावी लागते. रूल लावल्यावर लगेच मेटा टास्कमधून रिसेट कनेक्शन करा (जुनं कनेक्शन तुटतं) आणि त्याच्या पुढच्या ओळीत वेट फॉर कनेक्शन ठेवा (नवं जोडलं जातंय का ते बघतं). त्याचा टाइमआउट मुळात ६०० सेकंद असतो, तो ६० वर आणा.

पण नवीन कनेक्शन झालंच नाही तर? तेव्हा प्लेबुक फेल होईल आणि तुम्हाला कळेल, एवढंच. दुरुस्तीसाठी आत शिरायला वाट उरलेली नसेल. म्हणून परतीची सोय मशीनवरच, आधीच करून ठेवायची. माझा क्रम असा असतो. पहिल्यांदा चालू रूल आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉल साधनाच्या आयपीटेबल्स-सेव्ह कमांडनं एका फाइलीत काढून ठेवतो, आयपीव्ही६ चे वेगळे काढतो, कारण ते त्यात येत नाहीत. मग सिस्टमडी-रन या कमांडनं ५ मिनिटांचा टायमर लावतो: वेळ संपली की जुनी फाइल परत लोड कर. मग नवे रूल. मग रिसेट आणि नवीन कनेक्शनची तपासणी. ती पास झाली तरच टायमर रद्द करतो. आणि सगळ्यात शेवटी रूल डिस्कवर कायम करतो.

हा शेवटचा टप्पा शेवटीच असावा यावर मी अडून बसतो. बरेच जण टेम्प्लेट (ज्यातून रूलची फाइल तयार होते तो साचा) थेट बूटच्या वेळी लोड होणाऱ्या फाइलीत टाकतात आणि मग सर्व्हिस रिस्टार्ट करतात. त्यात काही चुकलं तर मशीन रिबूट करूनही सुटका नाही, चुकीचे रूलच परत उभे राहतात. डिस्कवर जुने रूल असतील तर निदान पॉवर बटण दाबणारा वॉचमनही तुम्हाला वाचवू शकतो.

आयपीटेबल्सऐवजी नवं एनएफटेबल्स वापरत असाल तर एक सांभाळा. रूलसेटची यादी काढून ठेवलेली फाइल तशीच परत लोड केली तर रूल आधीच्यांच्या मागे जोडले जातात. फाइलीच्या पहिल्या ओळीत फ्लश रूलसेट (आधीचे सगळे रूल पुसा) घातलेलं हवं.

आणि ११ च्या ११ मशीनवर एकदम चालवायचं नाही. सीरियल १ ठेवा, म्हणजे एका वेळी एकच मशीन. पहिलं मशीन गेलं तर प्लेबुक तिथेच थांबेल, उरलेली दहा वाचतील. त्या दिवशी माझ्याकडे नवीन कनेक्शनची तपासणी, टायमर आणि ही एक ओळ असती तर वाकडच्या मुलाची मिरवणूक चुकली नसती.

चालू रूल आणि कायमचे रूल यात गल्लत

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्याचे दोन सर्व्हर मी बघतो. तिथे गुरुवारी सुट्टी, आणि विजेची देखभालीची कामंही बहुतेक त्याच दिवशी निघतात. एका शुक्रवारी सकाळी सुपरवायझरचा फोन: "साहेब, बिलिंग उघडत नाही, काल लाइट गेली होती." सर्व्हर वर होता, सॉफ्टवेअर चालू होतं. चार महिन्यांपूर्वी प्लेबुकनं उघडलेला पोर्ट मात्र गायब होता.

अ‍ॅन्सिबलचं आयपीटेबल्स मॉड्यूल कर्नलमधले रूल बदलतं. ते रीबूटनंतर टिकावेत यासाठी वेगळं सेव्ह करावं लागतं आणि तिथे ते केलंच नव्हतं. चार महिने मशीन बंद झालं नाही, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

फायरवॉलडी या दुसऱ्या फायरवॉल साधनाच्या मॉड्यूलमध्ये नेमकं उलटं होतं. परमनंट हो म्हटलं आणि इमीजिएटबद्दल काही लिहिलं नाही, तर रूल फक्त डिस्कवर जातो. टास्क चेंज्ड दाखवतं, पोर्ट बंदच राहतो. मग माणूस अर्धा तास अ‍ॅप्लिकेशनच्या लॉगमध्ये डोकं घालून बसतो. दोन्ही पर्याय हो ठेवा. शंका आली तर फायरवॉल-सीएमडीची लिस्ट-ऑल एकदा साधी आणि एकदा परमनंट जोडून काढा, दोन्ही याद्या शेजारी ठेवा. फरक दिसला की उत्तर मिळालं.

नवीन मशीन सोपवण्याआधी ते एकदा मुद्दाम रीबूट करायचं हा नियम मी त्या शुक्रवारनंतर घातला. अजून मोडलेला नाही.

लिमिट लावून प्लेबुक चालवणं

ही चूक अनुभवी लोकांकडून होते, आणि शोधायला सगळ्यात अवघड. समजा डेटाबेस मशीनवर ५४३२ पोर्ट फक्त वेब सर्व्हरना उघडा हवा. टेम्प्लेटमध्ये वेब ग्रुपवर लूप फिरवलाय आणि प्रत्येकाचा पत्ता त्या मशीनच्या फॅक्ट्समधून (अ‍ॅन्सिबलनं त्या मशीनकडून गोळा केलेल्या माहितीतून) घेतलाय. पूर्ण प्लेबुक चालतं तेव्हा सगळं ठीक. एक दिवस घाईत कोणीतरी लिमिट लावून फक्त डेटाबेसवर चालवतो. वेब सर्व्हरशी बोलणंच झालेलं नसतं, त्यामुळे त्यांचे फॅक्ट्स नसतात. टेम्प्लेटनं एरर देऊन थांबायला हवं होतं, पण कोणीतरी पूर्वी एरर येऊ नये म्हणून तिथे डिफॉल्ट फिल्टर (माहिती नसेल तर रिकामी किंमत घेणारा) लावून ठेवलेला असतो. यादी रिकामी निघते, ५४३२ चा एकही रूल तयार होत नाही, आणि डेटाबेस सगळ्यांना बंद.

यातही जुनी कनेक्शन चालू राहतात. अ‍ॅप्लिकेशनचा कनेक्शन पूल (उघडी धरून ठेवलेली कनेक्शन) रिकामा होईपर्यंत काहीच बिघडत नाही. तक्रार येते तासाभरानं, आणि तोवर त्या प्लेबुकची आठवण कोणालाच नसते.

फायरवॉलसाठी लागणारे पत्ते फॅक्ट्समधून घेऊ नका, इन्व्हेंटरीतच (मशीनच्या यादीच्या फाइलीत) लिहून ठेवा. फॅक्ट कॅश लावूनही हा प्रश्न झाकता येतो, पण मग शिळा पत्ता रूलमध्ये जाण्याची भीती राहते. टेम्प्लेटच्या आधी असर्टचं एक टास्क घाला: यादी रिकामी असेल तर पुढे जायचं नाही. आणि फायरवॉलच्या टेम्प्लेटमधून डिफॉल्ट फिल्टर काढून टाका. इथे एरर येणं चांगलं.

चेक आणि डिफ हे (प्रत्यक्ष बदल न करता काय बदलेल ते दाखवणारे) पर्याय लावून आधी एकदा चालवलं असतं तर लाल रंगात गळालेल्या ओळी डोळ्यांनी दिसल्या असत्या. फायरवॉलच्या बाबतीत ते दोन पर्याय ऐच्छिक समजू नयेत.

प्लेबुकमधून काढला म्हणजे मशीनवरून गेला, हा समज

तुम्ही फाइलीतून रूलची ओळ पुसली. अ‍ॅन्सिबलला ती कधी होती हे माहीतच नाही. मशीनवर तो रूल तसाच राहतो, आणि सोडून गेलेल्या व्हेंडरचा पत्ता वर्षानुवर्षं उघडा राहतो. काढायचा असेल तर स्टेट अ‍ॅब्सेंट लिहून एकदा सगळीकडे चालवा, किंवा संपूर्ण रूलसेट एकाच टेम्प्लेटमधून लिहा. मला दुसरा मार्ग पटतो, कारण एनएफटेबल्सची फाइल एका झटक्यात लागू होते: सगळी किंवा काहीच नाही. लावण्याआधी तपासण्याचा पर्यायही आहे.

पपेट या अ‍ॅन्सिबलसारख्याच साधनाच्या फायरवॉल मॉड्यूलमध्ये न लिहिलेले रूल साफ करणारा पर्ज आहे. कामाचा आहे, पण तो लावण्याआधी त्या मशीनवर आणखी कोण रूल लिहितं ते बघा. कंटेनर चालवणारं डॉकर लिहितं. वारंवार चुकीचं लॉगिन करणाऱ्यांना अडवणारं फेलटूबॅन लिहितं. पर्ज किंवा फ्लश रूलसेट यांच्या रूलवरही झाडू फिरवतो आणि कंटेनरचं नेटवर्क तुटतं. डॉकर रिस्टार्ट केल्यावर ते परत येतं, म्हणून लोक "डॉकरचाच काहीतरी प्रॉब्लेम आहे" म्हणून सोडून देतात. पपेटचा एजंट दर ३० मिनिटांनी धावतो, तेव्हा अर्ध्या तासाच्या ठेक्यात काही तुटत असेल तर संशय तिथे घ्या. एनएफटेबल्समध्ये आपलं स्वतंत्र नावाचं टेबल करा आणि दर वेळी फक्त तेवढंच काढून नव्यानं लिहा.

डॉकरची आणखी एक गोष्ट कित्येकांना माहीत नसते. कंटेनरचा पोर्ट पब्लिश केला की येणारं पॅकेट पत्ता बदलून फॉरवर्ड चेनमधून (रूलच्या एका साखळीतून) जातं, इनपुट चेनमधून जातच नाही. त्यामुळे यूएफडब्ल्यू या फायरवॉल साधनात तो पोर्ट बंद केला तरी बाहेरून उघडाच दिसतो. बंदी डॉकर-युझर नावाच्या चेनमध्ये लिहायची, किंवा पोर्ट १२७.०.०.१ वरच पब्लिश करायचा.

थोडक्यात आणखी काही

एका मशीनवर एकच मालक ठेवा. यूएफडब्ल्यू आणि फायरवॉलडी दोन्ही चालू असलेली मशीन मी पाहिली आहेत. डेबियन १० पासून, म्हणजे २०१९ पासून, आयपीटेबल्स ही कमांड आतून एनएफटेबल्सवर चालते. जुन्या लेगसी कमांडनं घातलेले रूल नव्या यादीत दिसत नाहीत, पण पॅकेट अडवतात.

इनपुटचं धोरण (कोणताही रूल लागू न झाल्यास काय करायचं ते) ड्रॉप असताना फ्लश केलं की रूल जातात, धोरण तसंच राहतं. आधी अ‍ॅक्सेप्ट करा, मग फ्लश.

रूलमध्ये होस्टनेम लिहू नका. तो लोड होताना एकदाच सोडवला जातो, आणि बूटच्या वेळी डीएनएस नसेल तर पूर्ण फाइलच लागत नाही.

आयपीव्ही६ वर आयसीएमपी सरसकट बंद केलं की शेजारची मशीनसुद्धा सापडत नाहीत. १३३ ते १३६ हे प्रकार आणि पॅकेट टू बिग कायम उघडे ठेवा.

अडकलात तर कुठून सुरू करायचं

बाहेरून जोडून बघा. लगेच रिफ्यूज्ड आलं तर पॅकेट बहुधा मशीनपर्यंत पोचतंय. सर्व्हिस ऐकत नसेल, फक्त १२७.०.०.१ वर ऐकत असेल, किंवा फायरवॉल रिजेक्ट करत असेल. सर्व्हिस कुठे ऐकतेय ते एसएस कमांडनं बघा. नुसतं टांगून राहिलं तर कुठेतरी ड्रॉप होतंय.

मग मशीनवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड) लावा. येणारं पॅकेट फायरवॉलच्या आधी तिथे दिसतं. दिसलं आणि उत्तर गेलं नाही, तर घोळ मशीनवरच. काउंटर बघा, कोणत्या रूलचा आकडा वाढतोय ते कळेल. एनएफटेबल्समध्ये काउंटर रूलमध्ये मुद्दाम लिहावा लागतो, तेव्हा टेम्प्लेटमध्ये शेवटच्या ड्रॉपवर तरी तो असू द्या. ट्रेस चालू केला तर एकच पॅकेट कुठल्या कुठल्या चेनमधून गेलं हेही दिसतं.

टीसीपीडम्पमध्ये काहीच आलं नाही, तर मशीनच्या रूलमध्ये वेळ घालवू नका, अडथळा बाहेर आहे. क्लाउडवर असाल तर तिथला सिक्युरिटी ग्रुप बघा. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडचा सेंट्रल इंडिया हा विभाग पुण्यातच आहे, आपल्याकडचे बरेच जण तो वापरतात, आणि त्याचे नेटवर्क सिक्युरिटी ग्रुप मशीनच्या फायरवॉलपेक्षा पूर्ण वेगळे असतात. ते टेराफॉर्ममध्ये (क्लाउडची रचना लिहून ठेवण्याच्या साधनात) आणि मशीनचे रूल अ‍ॅन्सिबलमध्ये असतील, तर पोर्टचे आकडे दोन्हीकडे हाताने लिहू नका, एकाच फाइलीतून घ्या. त्याच क्लाउडवर सीरियल कन्सोल मिळतो, ज्यातून मशीनचं नेटवर्क बंद असतानाही लॉगिन होतं. तो आजच चालू करून, एकदा लॉगिन करून बघा, पासवर्ड असलेला एक लोकल युझर त्यासाठी लागतो.

उलट तक्रार असेल, म्हणजे पत्ता बंद केला तरी तो माणूस आत दिसतोय, तर कॉनट्रॅकच्या (चालू कनेक्शनची नोंद ठेवणाऱ्या) यादीत त्याचं जुनं कनेक्शन शोधा आणि तिथून काढून टाका.