ओरखडा भरला, पण पेशी चालल्या का?

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी सेमिनारला विषय मिळाला, पेशीचा सांगाडा (म्हणजे पेशीच्या आतलं प्रथिनांच्या तंतूंचं जाळं) आणि पचनमार्गाच्या कर्करोगाचा प्रसार. मी खूश. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, अण्णा यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे; ताणा, बाणा, त्यातून सूत घेऊन धावणारा धोटा, हे शब्द लहानपणापासून कानावर पडलेले. म्हटलं, सांगाडा म्हणजे माग, झालं! पहिल्याच स्लाइडवर मागाचा फोटो टाकला. मॅडमनी विचारलं, "माग चालू असताना कुणी त्याचे खांब उपटून पुढं रोवतं का गं?" सगळे हसले. रात्री अण्णांना हे सांगितलं, तर ते जेवता जेवता म्हणाले, "मग माग कशाला म्हणतीस, गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा म्हण की. आज होम मैदानावर, उद्या सुटा करून दुसऱ्या गावात."

अण्णांची उपमा माझ्यापेक्षा बरी होती. तरी तीही पुरत नाही, कारण पाळणा आधी सुटा करतात आणि मग हलवतात. पेशी मात्र पुढच्या कडेला तंतू जोडत असतानाच मागच्या बाजूला सोडवत असते, आणि अशी सरकते.

या विषयात नव्याने येणाऱ्यांना माझं सांगणं असं, की प्रथिनांच्या नावांची यादी पाठ करत बसू नका. सांगाड्यात तीन तऱ्हेचे तंतू असतात. अॅक्टिन साधारण 7 नॅनोमीटर जाडीचं, मध्यम तंतू 10 आणि सूक्ष्मनलिका 25. तिन्ही एकदम वाचायला घेतले की डोकं गरगरतं. अॅक्टिनपासून सुरुवात करा.

आतड्याच्या अस्तरातल्या निरोगी पेशी खांद्याला खांदा लावून उभ्या असतात. ई-कॅडहेरिन हे प्रथिन शेजारणीचा हात धरून ठेवतं आणि आतून त्याला अॅक्टिनचा पट्टा आधार देतो. ही पकड सुटली की पेशी मोकळी होते. जठराच्या पसरट प्रकारच्या कर्करोगात अनेकदा हेच घडतं. काही कुटुंबांत तर ई-कॅडहेरिनचं जनुकच पिढीजात बिघडलेलं असतं. अशा पेशी गाठ न करता एकेकट्या जठराच्या भिंतीत घुसतात, म्हणून पोटात दुर्बीण घालून पाहिलं तरी त्या सहज नजरेतून सुटतात. याच प्रकारच्या काही गाठींत 'रो-ए' हे जनुकही बदललेलं सापडलं. अॅक्टिन कधी आवळायचं, कधी सैल सोडायचं, हे पाहणाऱ्या मुकादमांपैकी ते एक.

मोकळी झालेली पेशी पुढं कशी जाते? एआरपी 2/3 नावाचा संच अॅक्टिनला फांद्या फोडतो, त्यातून पुढं पंख्यासारखा पसारा तयार होतो. फॅसिन हे प्रथिन तंतूंच्या घट्ट जुड्या बांधतं. निरोगी मोठ्या आतड्याच्या अस्तरात ते जवळपास नसतं, कर्करोगात मात्र वाढलेलं दिसतं. काही पेशी खालच्या बाजूला अॅक्टिनचे टोकदार पाय काढतात, आणि भिंत विरघळवणारी विकरं सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून त्या टोकापर्यंत पोचवली जातात. इथं धोट्याची उपमा थोडीफार चालते. (मॅडमना सांगू नका.) भिंत ओलांडून शिरेत शिरलं की पुढची वाट शरीररचनाच दाखवते. मोठ्या आतड्याचं बहुतेक रक्त प्रतिहारी शिरेतून यकृतात जातं, त्यामुळे तिथल्या कर्करोगाचा पुढचा मुक्काम बहुधा यकृतच.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र मध्यम तंतूंची. यकृतातल्या गाठीचा तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे येतो तेव्हा मूळ गाव कुठलं, हा प्रश्न असतो. अस्तराच्या पेशींतले मध्यम तंतू केराटिन या प्रथिनाचे, आणि त्याचे क्रमांकवार प्रकार असतात. मोठ्या आतड्याच्या पेशींत सहसा केराटिन 20 असतं आणि केराटिन 7 नसतं. गाव सोडलं तरी पेशीच्या बोलीत गावचा हेल राहतो, तसंच हे.

आता माझी फजिती. पेशींचं चालणं मोजायची स्वस्त पद्धत म्हणजे ओरखडा चाचणी. ताटलीत पेशींचा थर वाढवायचा, पिपेटच्या टोकाने सरळ रेघ ओढायची आणि ती रिकामी पट्टी किती भरते ते पाहायचं. मी शून्य तासाला एक फोटो काढला, दुसरा थेट 48 तासांनी. पट्टी गच्च भरलेली! धावतच फोटो दाखवायला गेले. मॅडमचा एकच प्रश्न, "चालल्या, की वाढल्या?" मी द्रावणात नेहमीचं 10 टक्के सीरम, म्हणजे पेशींचा खुराक, तसंच ठेवलं होतं; खाऊनपिऊन पेशींनी दोन दिवसांत पिल्लावळ वाढवली होती. तेव्हा सीरम 1 टक्क्यावर आणा किंवा मायटोमायसिन-सी वापरून विभाजन थांबवा, फोटो दर काही तासांनी घ्या, आणि ताटलीला खालून मार्करची खूण करा, नाहीतर दर वेळी वेगळीच जागा दिसते. मोजायला इमेजजे हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

एक गोष्ट सोलापूरचीच. पेशी वाढवायचा इनक्युबेटर 37 अंशांवर असतो, पण साधा इनक्युबेटर फक्त तापवतो, गार करत नाही. मे महिन्यात बाहेर 43, त्यात खोलीचा एसी ट्रिप झाला. सकाळी पडद्यावर 39.6. पेशी गोल होऊन तळापासून सुटल्या होत्या. तीन आठवड्यांचं काम सिंकमध्ये. तेव्हापासून उन्हाळ्यातले प्रयोग मी फेब्रुवारीतच उरकते.

संशोधनात पुढं जायचं असेल तर सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेच्या जीवनविज्ञानाची तयारी एमएस्सीच्या पहिल्या वर्षापासून करा, गेटही द्या. पेशीजीवशास्त्रासाठी पुण्यात एनसीसीएस आणि आयसर, कर्करोगासाठी खारघरला अॅक्ट्रेक, या संशोधन संस्था आहेत. मुलाखतीला एक प्रश्न तयार ठेवा, मला विचारला होता: सूक्ष्मनलिका जखडणारं पॅक्लिटॅक्सेल अन्ननलिकेच्या कर्करोगात वापरतात, मग अॅक्टिन जखडणारं औषध का नाही? मी गप्प. बाहेर आल्यावर जिन्यातच उत्तर सुचलं, हृदयाचे स्नायूही अॅक्टिनवरच चालतात ना.

दुसऱ्या ओरखड्याच्या वेळी 24 तासांनी पट्टी जेमतेम तिसरा हिस्सा भरली होती. फॅलॉइडिन हे विषारी अळंबीतून मिळणारं द्रव्य अॅक्टिनला चिकटतं. त्याचा चमकणारा रंग लावून अंधाऱ्या खोलीत बसले. कडेच्या पेशी रिकाम्या जागेकडे तोंड करून, पंखे पसरून उभ्या होत्या. मॅडम मागे येऊन थांबल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "स्केल बार टाकायला विसरू नको."