सोल्डरिंग शिकताना या चुका टाळा

पहिले काही सांधे बिघडले की बहुतेक जण हाताला दोष देतात. हात थरथरतो, आपल्याला हे जमणार नाही, असं वाटू लागतं. खरं तर सोल्डरिंगमध्ये हाताच्या कसबाचा वाटा फार थोडा आहे. उष्णता योग्य जागी पोचली की सोल्डर, म्हणजे वितळून सांधा जोडणारा मिश्रधातू, आपणहून पसरतं. म्हणून सांधा बिघडला की आधी एकच शोधा: उष्णता कुठे अडली?

सोल्डर टिपवर वितळवून सांध्याला फासणं

सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. सोल्डरच्या तारेच्या पोटात फ्लक्स भरलेला असतो आणि धातूवरचा ऑक्साइडचा थर काढणं हे त्याचं काम. सोल्डर टिपवर (तापलेल्या आयर्नच्या टोकावर) वितळवलं की फ्लक्स तिथेच धूर होऊन उडून जातो आणि पॅडपर्यंत, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्यापर्यंत, पोचतं ते नुसतं सोल्डर. ते चिकटल्यासारखं दिसतं, पण धरत नाही.

टिप अशी टेकवा की पॅड आणि कंपोनंटचा पाय, दोन्हींना ती एकदमच लागेल. टिपवर आधीच किंचित ताजं सोल्डर असू द्या; कोरडी टिप जेमतेम एका बिंदूवर टेकते, ओल्या टिपमधून उष्णता झटकन उतरते. एक-दोन सेकंद थांबा आणि तार टिपच्या समोरच्या बाजूने सांध्याला लावा. धातू तापला असेल तर तार टेकताक्षणी वितळते आणि सोल्डर पायाला वळसा घालून पसरतं. हे पसरणं डोळ्यांनी नीट ओळखायला शिका, कारण तोच तुमचा इशारा आहे. आधी तार काढा, मग आयर्न. सगळं मिळून तीन-चार सेकंद.

त्यानंतर सोल्डर घट्ट होईपर्यंत पाय हलता कामा नये. 60/40 सोल्डर (60 टक्के कथील, 40 टक्के शिसं) 183 ते 190 अंश सेल्सिअसच्या दरम्यान अर्धवट घट्ट असतं; तेवढ्यात धक्का बसला तर सांधा आतून तडकतो. 63/37 सोल्डर 183 अंशांना एकदम घट्ट होतं, म्हणून शिकताना मी तेच घ्या म्हणेन.

टिप काळी पडली तरी तशीच वापरणं

टिपच्या आत तांबं असतं आणि बाहेरून लोखंडाचा पातळ मुलामा. टिप काळी पडली म्हणजे वर ऑक्साइड साचलं. त्यातून उष्णता नीट जात नाही आणि सोल्डर टिपला चिकटतही नाही. मग तापमान वाढवलं जातं, त्याने टिप आणखी काळी पडते. दुसरा उपाय म्हणून कानस किंवा पॉलिश पेपर हातात घेतला जातो. हे मात्र अजिबात करू नका. मुलामा निघाला की आतलं तांबं सोल्डरमध्ये विरघळत जातं आणि टिपला खड्डे पडतात.

पितळी तारांच्या चोथ्यात टिप फिरवा आणि लगेच ताजं सोल्डर लावा. काम संपल्यावरही टिप सोल्डरने माखूनच बंद करा. शिसं असलेल्या सोल्डरला 320 ते 350 अंश पुरतात. लेड-फ्री, म्हणजे बिनशिशाचं, सोल्डर साधारण 217 ते 227 अंशांना वितळतं, तिथे 350 ते 380 ठेवा.

ग्राउंडच्या (सर्किटच्या सामाईक निगेटिव्ह बाजूच्या) पॅडवर सोल्डर पसरत नसेल तर तापमानाच्या बटणाला हात लावण्याआधी टिप बदला. तिथलं रुंद तांबं उष्णता ओढून घेतं. सुईसारख्या टोकापेक्षा चपटी, छिन्नीसारखी टिप लावली की काम होतं.

बिघडलेल्या सांध्यावर सोल्डर चढवत राहणं

आधी सांधा जवळून बघा. चांगल्या सांध्याला पायापासून पॅडपर्यंत आत वळलेला उतार असतो आणि पायाचा आकार ओळखू येतो. सोल्डर पायाला धरून गोळा झालं आणि पॅडवर टेकलंच नाही, तर पॅड थंड होतं. पॅडवर पसरलं, पण पायाभोवती बारीक काळी रेघ राहिली, तर पाय थंड किंवा मळका होता. दोन्ही ठिकाणी उपाय सारखाच: थोडा फ्लक्स लावा आणि पुन्हा तापवा. लेड-फ्री सांधा मुळातच मंद दिसतो, त्याला चकाकी आणण्याच्या मागे लागू नका. आणि नळजोडणीचा आम्लयुक्त फ्लक्स इथे कधीच नको. तो मागे राहून तांबं खातो.

दोन पाय जोडले गेले तर फ्लक्स लावून स्वच्छ टिप मधून ओढा. नाहीच सुटले तर डीसोल्डरिंग विक (सोल्डर शोषून घेणारी तांब्याची विणलेली पट्टी) ठेवून तिच्यावरून टिप दाबा. दोन्ही एकदमच उचला. आयर्न आधी काढलं तर विक तिथेच घट्ट बसते आणि ओढताना पॅड उखडून येतं. पॅड बोर्डाला गोंदासारख्या थराने चिकटलेलं असतं, ते फार वेळ तापवल्यानेही सुटतं. एकदा जमलं नाही तर सांधा पूर्ण गार होऊ द्या.

धुराबद्दल भीती चुकीच्या जागी असते. तो मुख्यतः फ्लक्सचा धूर असतो. तरी तो श्वासनलिकेला त्रास देतो, तेव्हा छोटा पंखा लावून बाजूला ओढून घ्या. शिसं मात्र बोटांवरून तोंडात जातं, म्हणून काही खाण्याआधी हात साबणाने धुवा. पाय कापताना तुकडा उडतो, चष्मा लावा.

सप्लाय जोडण्याआधी मल्टिमीटरने पॉझिटिव्ह आणि ग्राउंड एकमेकांना चिकटलेले नाहीत ना, ते तपासा. मग इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवरची पट्टी निगेटिव्हकडे आहे का आणि डायोडवरची रेघ बोर्डावरच्या रेघेशी जुळते का, ते बघा.