गावाकडच्या संशोधक विद्यार्थ्याच्या चकरा कशा वाचवाव्यात

धारणीहून अमरावतीच्या विद्यापीठात यायचे म्हणजे मेळघाटातल्या वळणांचा सुमारे दीडशे किलोमीटरचा प्रवास. पहाटेच्या एसटीने निघालेला पीएच.डी.चा विद्यार्थी विभागात पोहोचतो तेव्हा मार्गदर्शक बैठकीला गेलेले असतात आणि प्रगती अहवालावरची एक सही तेवढी राहून जाते. त्या सहीपायी त्याचा दिवस, भाड्याचे पैसे आणि हंगाम असेल तर घरच्या कापूसवेचणीतले दोन हात जातात. म्हणून ग्रामीण विदर्भातील संशोधकांना आधार द्यायचा असेल, तर विद्यापीठाने आधी त्यांच्या चकरा मोजाव्यात, असे माझे मत आहे.

मोजणी अगदी साधी आहे. संशोधन विभागाच्या खिडकीशी एक वही ठेवावी आणि येणाऱ्याने कुठून आलो, कशासाठी आलो व काम झाले की नाही, एवढेच लिहावे. दोन महिन्यांत कोणत्या कागदासाठी लोक तीन-तीनदा येतात ते दिसते. बहुधा तो बोनाफाईड किंवा हजेरीचा दाखला असतो, आणि तो ईमेलवर देण्यास काहीच अडचण नसते.

जे काम समक्षच व्हायला हवे, त्यासाठी आठवड्यातील एक वार ठरवावा. त्या दिवशी मार्गदर्शक, लिपिक आणि ग्रंथपाल तिघेही जागेवर असावेत आणि कामे सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळेत उरकावीत, म्हणजे परतीची गाडी चुकत नाही. संशोधनाची प्रगती तपासणाऱ्या संशोधन सल्लागार समितीसमोर दर सत्रात सादरीकरण करावे लागते. त्याच्या तारखा सत्राच्या आरंभीच जाहीर कराव्यात. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठासारख्या ठिकाणी तर त्या ठरवताना पावसाळाही पाहावा, कारण पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो आणि गैरहजेरीचा दोष विद्यार्थ्याच्या माथी येतो.

पैशाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे. परंतु गावाकडचे अनेक जण बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीवर अवलंबून असतात, आणि कित्येकांना कोणतीच मिळत नाही. हप्ता उशिरा येण्यावर महाविद्यालयाचा ताबा नसतो, हे खरे. पण हजेरी आणि खर्चाचे दाखले वेळेत पाठवणे त्याच्याच हाती असते. हे काम एकाच लिपिकाकडे द्यावे आणि त्याचे नाव व फोन क्रमांक सूचना फलकावर लावावा. रक्कम येईपर्यंत खोलीभाडे भागेल इतकी उचल देणारा छोटा निधी माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून उभा करता येतो.

मुदतीचे नियम प्रवेशाच्या दिवशीच लेखी द्यावेत. आयोगाच्या 2022 च्या विनियमांनुसार पीएच.डी.साठी किमान 3 व कमाल 6 वर्षे मिळतात, पुनर्नोंदणी केल्यास आणखी 2 वर्षे मिळू शकतात, आणि महिला व दिव्यांग संशोधकांना त्याहून 2 वर्षांची जादा सवलत आहे. महिलांना संपूर्ण काळात 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजाही घेता येते. बाळंतपणानंतर संशोधन सोडून दिलेल्या एखादीला ही रजा तेव्हाच कळली असती तर, असे मनात आल्याशिवाय राहत नाही.

मार्गदर्शकांची निवृत्ती हा गावाकडच्या लहान संशोधन केंद्रांचा खास त्रास आहे, कारण तिथे त्या विषयाचा मार्गदर्शक बहुधा एकच असतो. निवृत्तीला 3 वर्षांहून कमी काळ उरलेल्या प्राध्यापकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. मात्र आधी घेतलेल्यांसाठी सहमार्गदर्शकाचे नाव विभागाने तेव्हाच नक्की करावे आणि पहिल्या प्रकरणाचा कच्चा मसुदा दोघांनी मिळून वाचावा. नाहीतर नवे सर येतात, विषयाची चौकटच बदलायला सांगतात, आणि धारणीच्या त्या मुलाला पुन्हा पहाटेची एसटी धरावी लागते.