प्रोसेसरचा क्लॉक आणि व्होल्टेज बदलताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागमध्ये आमच्याकडे दरवर्षी प्रोजेक्टला पोरं येतात. हुशार असतात, पण बोर्डावरचा एलईडी लुकलुकला की लगेच त्यांना बॅटरी वाचवायची असते. नेटवरून क्लॉक, म्हणजे प्रोसेसर ज्या ठोक्यांवर चालतो तो, बदलायचा कोड उचलायचा, चिकटवायचा आणि सांगायचं, “सर, चालालंय की!” चालतंय ते टेबलावर, पंख्याखाली.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक क्रमाची. वेग वाढवताना आधी व्होल्टेज, मग क्लॉक. उतरवताना आधी क्लॉक, मग व्होल्टेज. व्होल्टेज कमी असलं की ट्रान्झिस्टर सावकाश चालतात. सिग्नल मुक्कामाला पोचायच्या आत क्लॉकचा पुढचा ठोका पडला तर चुकीचा बिट पकडला जातो. ऊस भरलेली ट्रॉली चढाला लागायच्या आधी गिअर टाकतात, अर्ध्या चढावर नाही.

दूधगंगेकाठच्या उसात आम्ही ओलावा मोजून नोंद ठेवणारे डबे, म्हणजे लॉगर, लावले होते. चिप एसटीएम३२ एल४७६. तिच्यात व्होल्टेजच्या पायऱ्यांना रेंज म्हणतात. रेंज १ मध्ये गाभ्याला, म्हणजे आतल्या प्रोसेसरला, १.२ व्होल्ट मिळतात आणि ८० मेगाहर्ट्झपर्यंत जाता येतं. रेंज २ मध्ये १.० व्होल्ट आणि कमाल २६ मेगाहर्ट्झ. मोजणी २४ वर, डेटा पाठवायच्या वेळी ८०. थंडी पडली आणि फोन सुरू झाले : “साहेब, तुमचा डबा पहाटे मेलेला असतोय. उन्हं वर आल्यावर बटण दाबलं की पुन्हा चालतोय बघा.”

दव आत जातंय म्हणून डब्यांना सिलिकॉन फासलं. बॅटऱ्या बदलल्या. मग एका उतावळ्या ज्युनिअरने वॉचडॉग लावला, म्हणजे प्रोग्राम अडकला की चिप रीसेट करणारा टायमर. डबा आपोआप पुन्हा सुरू व्हायला लागला आणि सगळे खूश. मी तो काढायला लावला, कारण रीसेटबरोबर पुरावाही पुसून जात होता. बोर्ड पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवला, डीबगरची (चिपच्या आत डोकावायच्या यंत्राची) वायर दारातून बाहेर. अडकला की हार्डफॉल्टमध्ये, म्हणजे गंभीर चूक झाल्यावर प्रोसेसर जिथे जाऊन थांबतो तिथे, सापडायचा. चूक झाली त्या जागेचा स्टॅकवर नोंदलेला पत्ता दर खेपेला वेगळा, पण नेहमी क्लॉक बदलल्यानंतरच्या चार ओळींतला.

कोडात दोन घोटाळे निघाले. पीएलएलकडे (वेगवान क्लॉक तयार करणाऱ्या सर्किटकडे) आधी वळायचं आणि रेंज १ नंतर मागायची, हा एक. दुसरा जास्त लबाड : २४ मेगाहर्ट्झला फ्लॅशचा, म्हणजे प्रोग्राम साठवलेल्या मेमरीचा, एकच वेट स्टेट (वाचताना थांबायचा जादा ठोका) ठेवलेला. रेंज १ मध्ये तो पुरतो. रेंज २ मध्ये तीन लागतात, कारण कमी व्होल्टेजवर फ्लॅशही हळू वाचली जाते. दोन्ही आकडे मॅन्युअलच्या एकाच तक्त्यात, शेजारशेजारच्या रकान्यांत आहेत. शेजारचा रकाना वाचायला कोणाला वेळ नव्हता.

आणि थंडीतच का? चिप तापली की मंदावते हे सगळ्यांना पाठ असतं. पण गाभ्याचं व्होल्टेज खाली असताना उलटंही होऊ शकतं : गारठ्यात ट्रान्झिस्टरचं थ्रेशोल्ड व्होल्टेज (चालू व्हायला लागणारं किमान व्होल्टेज) वाढतं आणि तो उशिरा चालू होतो. नुसती हीटगन मारून टेस्ट पास केली म्हणणाऱ्याला मी पास करत नाही.

आता माझ्याकडे क्लॉकला हात लावणारं फंक्शन एकच असतं. वर जाताना रेंज १ मागायची, व्होल्टेज अजून बदलतंय असं सांगणारा व्हीओएसएफ फ्लॅग उतरेपर्यंत थांबायचं, वेट स्टेट चारवर नेऊन ते रजिस्टर (चिपमधला सेटिंगचा कप्पा) परत वाचायचं, पीएलएल लॉक, म्हणजे स्थिर, झाला की मगच वळायचं. खाली येताना उलटा क्रम, पण वेट स्टेट नव्या रेंजच्या रकान्यातून. लायब्ररीचं फंक्शन टाइमआउट (‘वेळेत झालं नाही’ असा निरोप) परत देत असेल तर तो तपासा. फ्लॅगसाठी थांबण्याऐवजी डिले लूप (नुसतं मोजत वेळ काढणारा कोड) टाकणारे बहाद्दर भेटतात. जो क्लॉक बदलतोय त्याच्याच ठोक्यांवर हा लूप मोजणार, हे त्यांच्या डोक्यात येत नाही.

दुसरा माझा राग नुसता क्लॉक अर्धा करून ‘पॉवर वाचवली’ म्हणणाऱ्यांवर. मीटरवर करंट कमी दिसतो, खरं. पण काम दुप्पट वेळ चालतं, गळतीचा करंट तेवढा वेळ वाहतो, सेन्सरही तेवढा वेळ जागा राहतो. एका ठोक्याला लागणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गावर ठरते : १.२ चे १.० केले की ती साधारण तीस टक्के उतरते, नुसती फ्रिक्वेन्सी उतरवून ती तेवढीच राहते. व्होल्टेज खाली नेता येत नसेल तर मी पूर्ण वेगाने काम उरकून स्टॉप मोडमध्ये, म्हणजे चिपच्या गाढ झोपेत, जातो. करंट बघू नका, एका फेरीला किती मिलिअँपिअर-सेकंद गेले ते मोजा.

बाकी किरकोळ. सिरीयल पोर्टवर कचरा येतोय? बाइट बाहेर पडायच्या आत क्लॉक बदललात. टीएक्सई (पुढचा बाइट घ्यायला जागा झाली) नव्हे, टीसी (शेवटचा बिटही बाहेर पडला) फ्लॅगची वाट बघा. एक सेकंदाचा डिले तीन सेकंद चालतोय? सिसटिकला, म्हणजे वेळ मोजणाऱ्या टायमरला, नवी फ्रिक्वेन्सी सांगितली नाहीत. इंटरप्टच्या (चालू काम मध्येच थांबवून चालणाऱ्या कोडच्या) आतून क्लॉक बदलू नका, वाद नको.

आणि रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) जुन्या मोबाइल चार्जरवर लावून ‘स्लो आहे, ओव्हरक्लॉक कसा करू, वेग ठरल्यापेक्षा वर कसा नेऊ?’ विचारणाऱ्यांना : पुरवठा साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पाय इशारा देतो आणि वेग स्वतःच उतरवतो. आधी ती पातळ केबल बदला.