आरंभीची शिल्लक किती होती?

"रोज किती तास अभ्यास करायचात, मॅडम?" बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न घेऊन पोरंपोरी आणि त्यांचे आईवडील आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या सीए ऑफिसात येतात. मी काहीतरी उत्तर देते, कारण न देणं बरं दिसत नाही. पण तासांचा आकडा ऐकून आजवर कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. विचारायला हवं ते वेगळंच: तुम्ही अभ्यास करत होता तेव्हा घर कोण चालवत होतं?

हिशेबाच्या धंद्यात राहिल्यामुळं असेल, पण माणसांच्या यशाकडं मला ताळेबंद बघितल्यासारखं बघायची सवय लागलीय. वर्षअखेरचा नफा सगळ्यांना दिसतो. आरंभीची शिल्लक पहिल्या पानावर असते, तिथं कुणी थांबत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून सीएला किंवा तसल्याच लांबच्या अभ्यासाला बसणाऱ्यांनी त्या पहिल्या पानावर जरा थांबावं, म्हणून हे लिहितेय.

आधी माझी शिल्लक सांगते. वडील बँकेत कारकून, पगार ठरल्या दिवशी. घर आजोबांनी बांधलेलं, त्यामुळं भाड्याची कटकट नाही. कॉलेज आणि क्लास दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर. आईनं कामाला म्हणून स्वयंपाकघरात कधी हाक मारली नाही. परीक्षेच्या महिन्यात तर ताटसुद्धा टेबलावर यायचं. आजीनं लग्नाचा विषय काढला की वडील पेपर उघडून बसायचे आणि विषय तिथंच मिटायचा. हे शेवटचं मुद्दाम लिहितेय, कारण चांगल्या हुशार मुलींचं इंटरमिजिएट (सीएची मधली परीक्षा) साखरपुड्यात अडकलेलं मी पाहिलंय, आणि दरवेळी दोष मुलीच्या 'चिकाटीला' दिला गेला.

आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधी एखाद्या सीएकडं करायची उमेदवारी, तीही मला शोधावी लागली नाही. एक सीए वडिलांच्या चांगल्या ओळखीचे होते. "सोमवारपासून पाठवून द्या की," एवढ्यावर काम झालं.

आता कुणी म्हणेल, मग तुझी मेहनत कुठं गेली? मेहनत होतीच. रात्री जागले, नापासही झाले, रडले. पण मेहनत करायला रिकामा वेळ लागतो आणि तो मला घरच्यांनी दिला होता.

हे सीएच्या बाबतीत इतकं महत्त्वाचं का, ते परीक्षेचा नियम बघितला की कळतं. प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के हवेत आणि ग्रुपची, म्हणजे एकत्र धरलेल्या पेपरांच्या गटाची, बेरीज ५० टक्के हवी. सगळे पेपर ४० च्या वर, पण बेरीज चार-सहा गुणांनी कमी, असे निकाल दर खेपेला असतात. त्या पोराला विषय येत नाही असं कुणी म्हणणार नाही. त्याला पुन्हा बसायचंय, एवढंच. परीक्षा आता वर्षातून तीनदा होतात, जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये, म्हणजे वाट चार महिन्यांचीच. पण ते चार महिने कुणाच्या भाकरीवर काढायचे? उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला तुमचं आडनाव माहीत नसतं, हे अगदी खरं. पण किती वेळा परत बसता येईल, हे घर ठरवतं.

माझी एक मैत्रीण खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या पुढच्या गावातली. आमच्या बॅचमध्ये कॉस्टिंगला तिच्याएवढं पक्कं कुणी नव्हतं. सर फळ्यावर गणित मांडेपर्यंत हिचं उत्तर वहीत असायचं. सकाळची पहिली बस चुकली की तिचा क्लास बुडायचा, आणि जुलै-ऑगस्टच्या पावसात त्या रस्त्यानं बस येईलच याचा नेम नसायचा. शेवटची बस गाठायची म्हणून संध्याकाळचं लेक्चर अर्ध्यात सोडून निघायची. इंटरचा पहिला ग्रुप तिनं काढला. दुसऱ्यात बेरीज कमी पडली, तेवढ्यात धाकट्या भावाची कॉलेजची फी आली आणि ती बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत (लोखंड ओतायच्या कारखान्यात) कामाला लागली. आज तिथला सगळा हिशेब तीच बघते. जीएसटीत काही अडलं तर मी तिला फोन करते. सीए झालो नाही याचं तिला फारसं वाईट वाटत नाही. मलाच जास्त वाटतं. असो.

आमच्याकडं यशाचं उदाहरण म्हटलं की लक्ष्मणराव किर्लोस्कर ठरलेले. १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. गॅदरिंगला आलेले पाहुणे ही गोष्ट सांगतात आणि 'जिद्द' म्हणून खाली बसतात. पण दुकान सुरू झालं त्या काळात लक्ष्मणराव मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरीला होते, म्हणजे पगार चालू होता, आणि इथलं दुकान बंधू रामूअण्णा बघत होते. पुढं बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांनी जमीन दिली, पैशालाही हात दिला. चित्रकला शिकायला गेलेल्या माणसाला आपली नजर रंगांना कच्ची आहे हे कळावं, आणि त्यानं हाय न खाता यंत्रांच्या आराखड्यांकडं वळावं, हे त्यांचं मोठेपण कुणी नाकारणार नाही. फक्त भाऊ आणि राजा गाळून ही गोष्ट ऐकलीत, तर दुकान काढण्यासाठी पहिल्याच दिवशी नोकरी सोडायची असते असा भलताच धडा घेऊन घरी जाल.

म्हणून यशस्वी माणूस भेटला की त्याला जरा आडवे प्रश्न विचारा. पहिली तीन-चार वर्षं खर्च कुणी भागवला? पहिलं काम कुणाच्या शब्दावर मिळालं? घरातलं आजारपण, लग्नकार्य कुणी निभावलं? माणूस सरळ असेल तर रागावत नाही, उलट खुलतो. तुमची शिल्लक त्याच्यासारखी असेल तर त्याचा रस्ता घ्या. नसेल तर त्याच्या सल्ल्यातलं जेवढं लागू पडतं तेवढंच उचला. "नोकरी करत सीए होत नाही, पूर्णवेळ बसा," असं मला सांगणारे सगळे पूर्णवेळ बसू शकणारे होते.

आता आपल्या भागाचं. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत काय गमावलं ते आपल्याकडं घराघरात पाठ आहे, आणि २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या वादात मी इथं शिरत नाही. पण गमावलेलं मोजायची सवय इतकी अंगात भिनलीय की हातात असलेलं मोजायचं राहून जातं.

भाषाच घ्या. आर्टिकल असताना ३१ मार्चला मला उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत स्टॉक मोजायला पाठवलं. शेडमध्ये एका बाजूला पिग आयर्न (कच्चं लोखंड), दुसऱ्या बाजूला भंगार, आणि मधे कास्टिंगपासून तोडलेल्या रनर-रायझरचा, म्हणजे ओतताना वाटेत थिजलेल्या जादा लोखंडाचा, भलामोठा ढीग. बरोबर बेंगळुरूहून आलेला एक सहकारी होता. त्यानं तो ढीग बघून भंगारात धरला. भट्टीवरचे मामा बाजूला विडी ओढत उभे होते. मी सहज विचारलं, "मामा, हे विकायचं काय?" ते हसले. "विकायचं कुठलं बाई, हे परत भट्टीत. आपलाच माल हाय." मग रोजच्या वितळीतलं किती वजन असं परत येतं, रिजेक्ट झालेले तुकडे कुठल्या कोपऱ्यात ठेवतात, आणि ते रजिस्टरात कधी चढतात, सगळं त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. सहकारी माझ्यापेक्षा हुशार होता, पुढं फायनलला त्याला गुणही जास्त पडले. पण मामांशी बोलायची सोय माझ्याकडं होती, त्याच्याकडं नव्हती.

कन्नडचंही तसंच. इन्कम टॅक्सची नोटीस इंग्रजीत येते, जमिनीची पहाणी (महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यासारखा उतारा) आणि ग्रामपंचायतीचे कागद कन्नडमध्ये, आणि निपाणीकडच्या जुन्या तंबाखू व्यापाऱ्याची रोजकीर्द मराठीत. हे तिन्ही वाचणारं पोरगं आमच्या ऑफिसात पहिल्याच वर्षी क्लायंटसमोर बसतं. बाकीचे व्हाउचरला टिक मारत बसतात. मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे इकडची दहावी, केलेल्यांनी आठवून बघा: मराठी पहिली भाषा म्हणून १२५ गुणांची, आणि कन्नडचा पेपर बहुतेकांनी पास होण्यापुरता केलेला. मी काही वेगळी नव्हते. पण आमच्या गल्लीत निम्मी घरं कन्नड, खेळता खेळता कानावर पडलं ते पुढं कामाला आलं. खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावातल्या मुलीला हे फुकट मिळत नाही, तिला ते मुद्दाम शिकावं लागतं. शिका. रोज अर्धा तास कन्नड पेपरचं पहिलं पान वाचलं तरी वर्षभरात कागद वाचता येतो. त्यानं तुमचं मराठीपण कमी होत नाही, आणि कुणी तसं म्हणालं तर त्याला पहाणी वाचून दाखवायला सांगा.

दुसरी न मोजलेली शिल्लक म्हणजे कागद. सीएला नाही, पण इंजिनियरिंग, फार्मसी असल्या शिक्षणाला आणि सरकारी नोकरीला जाणाऱ्यांसाठी हे सांगते, कारण दरवर्षी कुणीतरी मुदत संपल्यावर धावत येतं. महाराष्ट्राच्या सीईटीनंतरच्या प्रवेशप्रक्रियेत 'टाइप ई' नावाचा उमेदवारांचा एक प्रकार आहे. वादग्रस्त सीमाभागात राहणाऱ्या, तिथून किंवा महाराष्ट्रातून दहावी-बारावी केलेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी तो आहे. महाराष्ट्राच्या सरकारी भरतीतही दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना अर्ज करता येतो. त्यासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला विहित नमुन्यात लागतो. तो नमुना आधी छापून हातात घ्या आणि मग कार्यालयाची पायरी चढा, नाहीतर नुसता रहिवासी दाखला घेऊन परत याल.

आणि इकडं कर्नाटकाच्या सीईटीत ग्रामीण भागासाठी १५ टक्के राखीव जागा आहेत. पहिली ते दहावी ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असली पाहिजे. कन्नड माध्यमाच्या ५ टक्क्यांशी याची गल्लत करू नका. त्या जागा आपल्या मराठी शाळांतल्या मुलांना नाहीत, पण ग्रामीणच्या १५ टक्क्यांना माध्यमाची अट नाही. म्हणजे खेड्यातल्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलासमोर दोन राज्यांची दारं असतात. बेळगाव शहरातल्या इंग्रजी शाळेतल्या मुलाला ग्रामीणचं दार बंद. आता सांगा, मागं कोण आणि पुढं कोण? एवढं असूनही मूळ दाखला नसल्यामुळं किंवा नावातल्या एका अक्षराच्या फरकामुळं कितीतरी पोरं दोन्हीकडून राहतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव अकरावीतच एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा. कन्नडमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत येताना आडनावाचं काय काय होतं, ते बघून हसू येईल, पण मुदतीच्या आदल्या दिवशी हसू येत नाही.

राहिली ओळख. ही शिल्लक ज्यांच्याकडं नाही त्यांना तिचा सगळ्यात जास्त राग येतो, आणि तो रास्त आहे. माझं काम एका वाक्यात झालं. तितक्याच गुणांची दुसरी मुलगी ऑफिसं फिरत बसली. पण ओळख थोडीफार तयार करता येते, घराण्यातूनच यावी लागते असं नाही. सीएंच्या इन्स्टिट्यूटची (आयसीएआयची) बेळगावला शाखा आहे, तिथल्या कार्यक्रमांना विद्यार्थी म्हणून जात राहा, खुर्च्या मांडायला मदत करा, चेहरा माहीत होतो. इन्स्टिट्यूटच्या आर्टिकलशिपच्या पोर्टलवर नाव घाला, पण त्यावर विसंबून घरी बसू नका.

वेळ मात्र बरोबर साधा. जुलैअखेर रिटर्नची मुदत आणि ३० सप्टेंबरला टॅक्स ऑडिटची, त्यामुळं मे-जूनमध्ये प्रत्येक ऑफिसला हात हवे असतात. ऑक्टोबरमध्ये गेलात तर सगळे दमलेले असतात आणि "दिवाळीनंतर बघू" ऐकून यावं लागतं. गल्लीतल्या किराणा दुकानदाराला किंवा वर्कशॉपवाल्या काकांना विचारा, तुमचा हिशेब कोण बघतं. त्या सीएकडं त्यांचं नाव सांगून जा. ही ओळख लहान आहे असं समजू नका. क्लायंटनं पाठवलेल्या मुलाला आम्ही दारातून परत पाठवत नाही.

जाताना गुणपत्रिकेच्या प्रती, इंटरमिजिएटचा निकाल आणि एक पानाचा बायोडाटा न्या. बायोडाट्यात छंद लिहू नका. कुठल्या भाषा वाचता येतात, टॅली येतं का, दुचाकी चालवता येते का, राहायला कुठं आहात आणि शेवटची बस किती वाजता असते, हे लिहा. शेवटच्या बसचं तर नक्की लिहा. आमच्या ऑफिसात त्या ओळीवरून दोन मुलींची वेळ सकाळी आठ ते चार केलीय, आणि काम अडलेलं नाही.