तिशीतल्या जपानी सहकाऱ्यांसाठी अ‍ॅनिमे गीतांची यादी कशी करावी

जपानी कंपनीत काम करणाऱ्याला वर्षातून दोनतीनदा तरी कराओकेच्या खोलीत बसावे लागते, आणि सोबतीला तिशीतली मंडळी असतील तर अर्ध्या तासाच्या आत कोणी ना कोणी लहानपणच्या एखाद्या अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी सचेतन मालिकेचे शीर्षकगीत लावतेच. जपानीत या गीतांना ‘आनिसोन’ म्हणतात. जपानी वाचता येणाऱ्या मराठी माणसाला अशा वेळी नुसत्या टाळ्या वाजवत बसण्याचे कारण नाही. दहाबारा गाण्यांची यादी आधी करून ठेवली, तर खोलीतल्या सगळ्यांना गायला लावता येते. मात्र ही यादी ‘सर्वोत्तम १०० अ‍ॅनिमे गीते’ छापाच्या तयार याद्यांवरून उतरवू नये, कारण त्यांत गाजलेली गाणी असतात, पाठ असलेली असतातच असे नाही.

सुरुवात जन्मवर्षापासून करावी. जपानमध्ये प्राथमिक शाळा साधारण ६ ते १२ या वयात होते आणि संध्याकाळी दूरचित्रवाणीसमोर ठिय्या देऊन बसण्याचे वयही तेच. म्हणून ज्याच्यासाठी गाणी निवडायची त्याच्या जन्मवर्षात आधी ६ आणि मग १२ मिळवावेत, म्हणजे कोणत्या वर्षांत शोधायचे ते कळते. १९८७ साली जन्मलेल्याचा काळ १९९३ ते १९९९ असा निघतो: ‘स्लॅम डंक’, ‘सेलर मून’ आणि १९९७चे ‘मेझासे पोकेमोन मास्टर’, जे मालिकेचा नायक सातोशी याला आवाज देणाऱ्या रिका मात्सुमोतो यांनीच गायले आहे. १९९४ साली जन्मलेल्याचा काळ २००० ते २००६. त्याच्या तोंडी ‘वन पीस’चे ‘वी आर!’ असते, ‘नारुतो’साठी घेतलेले एशियन कुंग-फू जनरेशनचे ‘हारुका कानाता’ असते, आणि मुलगी असेल तर बहुधा ‘ओजामाजो कार्निव्हल’ही असते. दोघेही तिशीतलेच, पण दोघांच्या यादीत सारखी गाणी फारशी सापडत नाहीत. हे लक्षात न घेतल्यामुळे मी एकदा माझ्याहून सहा वर्षांनी लहान असलेल्या चौघांसमोर ‘स्लॅम डंक’ लावले आणि अखेरपर्यंत एकट्यानेच गायलो.

वयाची ही दरी बुजवणारी गाणी थोडी आहेत. त्यांतले सर्वांत खात्रीचे म्हणजे १९७९चे ‘दोराएमोन नो उता’. गायक बदलत गेले तरी ते कित्येक वर्षे चालत राहिले, आणि त्या मालिकेचे नंतरचे परिचित गीत २००७ साली आले. त्यामुळे तिशीतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या लहानपणी जुनेच गीत होते. ‘इव्हँगेलियन’च्या १९९५च्या गीताची गोष्ट मात्र वेगळी आहे. योको ताकाहाशी यांचे हे गाणे कराओकेत आजही सगळ्यांना येते, परंतु आज जे तिशीत आहेत ते त्या वेळी फार लहान होते. त्यांनी ते पुढे पुनर्प्रक्षेपणांतून, चित्रपटांतून, कराओकेतून उचलले. यादीत ते जरूर ठेवावे, पण बालपणाच्या गाण्यांत मिसळू नये.

वर्ष ठरले की आवृत्ती शोधावी, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. त्याच नावाची अनेक ध्वनिमुद्रणे असतात. नंतरच्या गायकांची, नव्या वाद्यमेळाची, अगदी चावीच्या संगीतपेटीवर वाजवलेलीसुद्धा. ‘सेलर मून’चे ‘मूनलाइट देन्सेत्सु’ पहिल्या दोन पर्वांत दाली या गटाने गायले आणि १९९४च्या तिसऱ्या पर्वापासून मून लिप्स या गटाने. ऐकणाऱ्याने मालिका कोणत्या पर्वापासून पाहिली असेल ते वयावरून ताडावे आणि तीच आवृत्ती निवडावी. ‘ड्रॅगन बॉल झेड’चे १९८९चे ‘चा-ला हेड-चा-ला’ हिरोनोबु कागेयामा यांच्याच आवाजात घ्यावे. २०१३च्या चित्रपटासाठी फ्लो या बँडने केलेले मुद्रण वाईट नाही, पण ते ऐकून कोणाला शाळेचे दप्तर आठवत नाही.

लांबीचेही तसेच आहे. मालिकेच्या आरंभी वाजणारे गीत साधारण दीड मिनिटाचे असते आणि स्मरणात तेवढेच राहते. पूर्ण गाण्याचे दुसरे कडवे ज्यांनी सीडी विकत घेतली त्यांनाच ठाऊक असते. कराओकेच्या खोलीत हे स्पष्ट दिसते: पहिल्या कडव्याला सहाच्या सहा जण ध्वनिक्षेपकाकडे झेपावतात, ध्रुवपदाला एकजण टेबलावर ताल धरतो, आणि मधले संगीत संपून दुसरे कडवे पडद्यावर आले की आवाज एकेक करत गळतात, हात तळलेल्या चिकनच्या बशीकडे वळतात आणि गाणे लावणारा बिचारा अक्षरे वाचत उरतो. यावर उपाय म्हणजे यंत्रावर गाणे निवडताना नावापुढे ‘टीव्ही साइझ’ किंवा ‘अ‍ॅनिमे साइझ’ अशी नोंद आहे का ते पाहावे. नसेल तर पहिले ध्रुवपद संपताच बेधडक थांबवावे. त्यात अपमान कोणाचाच होत नाही.

शेवटी वाजणाऱ्या गीतांना विसरू नये. ‘स्लॅम डंक’च्या आरंभगीतात कामाकुराच्या समुद्रकाठचे रेल्वेफाटक दिसते आणि ते पाहायला लोक आजही तिथे गर्दी करतात, पण गळा दाटून येतो तो वांड्स या बँडच्या ‘सेकाई गा ओवारु मादे वा’ या समाप्तिगीताने. त्याचे संगीत तेत्सुरो ओदा यांचे. ‘चिबी मारुको-चान’चे १९९०चे ‘ओदोरु पोम्पोकोरिन’ हे धमाल गाणे त्यांचेच, आणि ‘ड्रॅगन बॉल जीटी’चे ‘दान दान कोकोरो हिकारेतेकु’ हेही त्यांचेच. एका पिढीच्या संध्याकाळी या एका माणसाने किती व्यापल्या आहेत हे कळावे म्हणून ही तिन्ही गाणी लागोपाठ लावून पाहावीत.

काही गाण्यांचा मालिकेच्या कथेशी काडीचाही संबंध नसतो, हेही जाणून असावे. मेइजी काळातल्या तलवारबाजाची कथा सांगणाऱ्या ‘रुरौनी केनशिन’च्या आरंभी १९९६ साली ज्युडी अँड मेरी या बँडचे ‘सोबाकासु’ वाजू लागले. त्याचा अर्थ चेहऱ्यावरचे वांग, आणि गाण्याचा विषय प्रेमभंग. अशी गाणी घेताना अर्थ जुळवत बसू नये. शब्द पडद्यावर येतातच आणि कांजी या चित्रलिपीतल्या अक्षरांवर उच्चारही छापलेला असतो. खरी अडचण वेगाची असते, म्हणून घरी मूळ मुद्रणाबरोबर चारपाचदा तोंडाने म्हणून पाहावे.

आपल्याकडचे गाणे सुचवण्याचा मोह होईल. १९८९च्या जपानी ‘जंगल बुक’ मालिकेला दूरदर्शनवर जे हिंदी शीर्षकगीत होते, ते गुलजार यांनी लिहिले आणि विशाल भारद्वाज यांनी संगीतबद्ध केले. जपानी प्रेक्षकांनी ते कधी ऐकलेलेच नाही आणि यंत्रावर ते सापडण्याची आशाही धरू नये. ते भ्रमणध्वनीवर ऐकवावे, खाणे येईपर्यंतच्या फटीत.

क्रम लावताना आरंभी सगळ्यांना येणारे, मधे वयानुसार वाटलेले आणि एकट्याने गाण्याचे हळवे गाणे फार उशिरा नको, एवढे पाळले तरी पुरे. शेवट मात्र ठरवून ठेवावा. वेळ संपायला दहा मिनिटे उरली की भिंतीवरचा दूरध्वनी वाजतो आणि वेळ वाढवायची का असे स्वागतकक्षातून विचारतात. तेव्हा नको म्हणावे आणि ‘डिजिमोन अ‍ॅडव्हेंचर’चे १९९९चे ‘बटर-फ्लाय’ लावावे. मालिकेच्या ५४व्या, अखेरच्या भागातल्या निरोपालाही हेच गाणे आहे, आणि ते गाणारे कोजी वादा २०१६ साली वयाच्या अवघ्या ४२व्या वर्षी गेले, हे त्या खोलीतल्या बहुतेकांना ठाऊक असते. वर सांगितलेला टीव्ही साइझचा नियम या एका गाण्यापुरता मोडावा. चार मिनिटांहून थोडे मोठे आहे. पूर्ण गाऊन, बूट घालून खाली उतरेपर्यंत दहा मिनिटे बरोबर होतात.